ज्वारी संपेपर्यंत

६ जून १९७८, मंगळवार

गाईडसाहेबांनी तिसरं प्रकरण परत पाठवलं. वर्षभर मान मोडून लिहिलेली पानं, आणि समासात लाल शाईनं एवढंच: ‘तुमचा लिहिणारा उपाशी मरेल. विचार करा.’ विचार करा म्हणे. मी काय इतके दिवस मुंबईत माशा मारत बसलो होतो?

तिथं असतो तर खोलीत जाऊन भांडलो असतो. पण मायचं उजवं अंग लकव्यानं गेलंय. वच्छलानं बजावून ठेवलं होतं की या उन्हाळ्यात तू घरी ये, मले एकटीले माय उचलणं होत नाई. म्हणून रिसोडपासून आत, या गावात, कंदिलाची काच पुसत प्रबंध लिहिणं चाललंय.

डोकं थंड व्हावं म्हणून विषय इथं साध्या शब्दांत मांडून पाहतो. आता एकाच संगणकावर एकदम अनेक कामं चालतात. ती सगळी एकच माहिती वापरतात. नुसतं वाचणारे कितीही जण एकदम वाचोत, काही बिघडत नाही. लिहिणारा मात्र एकटाच आत पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला अर्धं जुनं, अर्धं नवं दिसेल. मी नियम केला की आत वाचणारे असतील तर नवा वाचणारा खुशाल आत जावा. लिहिणाऱ्यानं सगळे बाहेर पडेपर्यंत थांबावं. साहेब विचारतात, वाचणारे एकामागून एक येतच राहिले तर? अहो, असं कोण येत राहतं? कधीतरी सरतीलच की नाही?

संध्याकाळी वच्छला म्हणाली, भाऊ, अठ्ठावीस तारखेला अकोल्याला माही डी.एड.ची मुलाखत हाये, ध्यानात ठेव. बिचारीला मास्तरीण व्हायचंय. दोन वर्षांपूर्वी घरातले पैसे माझ्या प्रवेशपरीक्षेला लागले, मागच्या वर्षी मायचं असं झालं. आता दोघांपैकी एकानं घरात असायलाच पाहिजे, मायला कूससुद्धा स्वतः बदलता येत नाही. मी हो म्हटलं.

९ जून

आज जेवायला पुन्हा भाकर. मी काल वच्छलाला स्वच्छ सांगितलं होतं की मला मेसच्या पोळ्यांची सवय झालीय, भाकरीनं पोट जड होतं आणि जड पोटी सिद्धता सुचत नाहीत. ती गव्हाचा डबा घेऊन दुपारी चक्कीवर गेली. आली दिवेलागणीला, आणि डब्यात गहू तसेच! विचारलं तर म्हणे नंबरच नाई आला. अख्खी दुपार बसून नंबर येत नाही? चक्कीवर बायका जमल्या की गप्पांना काय तोटा. मी तसं बोललोही.

 ती मायला कण्या भरवायला बसली. एप्रिलपासून मायची कूस मीच बदलतोय, याची कुणाला आठवण आहे का?

१० जून, शनिवार

आज मीच गेलो डबा घेऊन. आणि जे पाहिलं त्यानं तळपायाची आग मस्तकात गेली.

चक्की लालसिंगची. तांड्यावरचा माणूस, डिझेलचं इंजिन, इंजिनाची फटफट अर्ध्या गावाला ऐकू जाते. भिंतीला लागून डब्यांची रांग असते. माणूस नसला तरी चालतं, डबा ठेवला की नंबर लागला. मी दुपारी डबा ठेवला. माझ्या पुढं ज्वारीचे चार डबे होते. ते झाले, तोवर ज्वारीचे आणखी आले. ते झाले, पुन्हा आले. माझ्या मागून आलेले लोक पीठ घेऊन घरी गेले आणि मी तिथंच. त्यात एका बाईनं पायानं माझा डबा मागं सरकवला, अगदी भिंतीच्या कोपऱ्यात, जसं काही कचऱ्याचं टोपलं!

मी उठलो आणि सगळ्यांसमोर लालसिंगला झाडला. म्हटलं, बौद्धवाड्यातला डबा म्हणून मागं का? कायदा माहीत आहे का? इंजिनाच्या आवाजात अर्धं त्याला ऐकूच गेलं नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि मला पुन्हा सुरुवातीपासून बोलायला लावलं. असलं बोलणं दुसऱ्यांदा बोलताना किती पोकळ वाटतं ते मी आज शिकलो. सगळं ऐकून त्यानं बोटानं दाखवलं. ओट्यावर पाटलाची दुर्गाबाई पदरानं वारा घेत बसली होती. तिचाही गव्हाचा डबा, आणि ती सकाळपासूनची.

लालसिंग म्हणाला, “गव्हाचा नंबर जवारी सरल्यावर. दगडात जवारीचं पीठ रायते बाप्पा, ते पयल्या गव्हात येते. मंग तुमीच बोंबलता का पोई कायी झाली. बार बार दगड साफ कराले मले तेल फुकट भेटते काय?”

म्हणजे माणूस दुष्ट नाही, नियमच तसा. सारख्या धान्याचे एका पाठोपाठ चालतात, वेगळ्या धान्याला चक्की रिकामी लागते. आणि या गावात ज्वारी सरणार कधी? सगळं गाव ज्वारी खातं. एकाचा डबा रिकामा होतो तोवर दुसऱ्याचा येतो. तरी डबा सरकवणाऱ्या त्या बाईला मी सोडलं नाही. म्हटलं, बाई, रांगेत ठेवलेली वस्तू म्हणजे ठेवणारा माणूस स्वतः उभा आहे असं समजायचं. ती मागं सरकवणं म्हणजे त्या माणसाला ढकलणं. ती म्हणाली, “मले पाय ठेवाले जागा नोती.” काय हे उत्तर!

गहू घेऊनच परत आलो. वच्छलानं डब्यात डोकावून पाहिलं आणि भाकरी थापायला घेतल्या.

११ जून

रात्रभर तळमळलो. साहेब म्हणतात ते खरं आहे आणि याचाच मला राग येतोय. माझा लिहिणारा म्हणजे तो गव्हाचा डबा. वाचणारे म्हणजे ज्वारी. कुणी कुणाशी वाईट वागत नाही, प्रत्येक जण म्हणतो माझं एवढंसं काम, आत्ता होतं, आणि तो एक कोपऱ्यात जन्मभर बसून राहतो. हा अन्याय आहे. यंत्रात असला म्हणून काय झालं?

आता नियम उलटा करतो. लिहिणाऱ्यानं एकदा हात वर केला की त्याच्यामागून आलेल्या वाचणाऱ्यानं बाहेरच थांबायचं. मग त्याचं काम कितीही लहान असो, सबब चालणार नाही. हे वाक्य लिहिताना मला लय बरं वाटलं.

दाराशी एका कापडी पिशवीला अडखळून पडता पडता वाचलो. वच्छलाची. अकोल्याची तयारी म्हणून इस्त्रीचं लुगडं, शाळेचे दाखले सगळं आत्ताच भरून ठेवलंय. मुलाखतीला किती अवकाश आहे अजून! विचारलं तर म्हणे असू दे तिथंच, डोयासमोर राह्यली म्हंजे बरं. मी ती उचलून कणगीमागं सरकवली. माणसाला पाय ठेवायला जागा नको का?

१४ जून

लालसिंगला पटवलं. एक दिवस माझ्या नियमानं चक्की चालवून पाहा म्हटलं, दगड साफ करायला मी मदत करतो. रांगेत गहू आहे तोवर मागून आलेली ज्वारी थांबेल, असं ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. बायकांनी नीट ऐकून घेतलं. एकीनं तर दोनदा विचारलं, गहू असला का मंग कोनीच पुढं नाई जाणार? मी म्हटलं, कोणीच नाही. आज मला आमच्या लोकांचा अभिमान वाटला.

दुपारी वच्छला डबा ठेवून आली आणि तासाभरात पीठ घेऊन परत. पोळ्या खाल्ल्या. विज्ञान म्हणतात ते हे.

१५ जून

मूर्ख! सगळे मूर्ख!

आज चक्कीवर नुसती ज्वारी घेऊन क्वचितच कुणी आलं. जो तो गहू घेऊन. आणि तोही कसा? कुणाचा वाटीभर, कुणाचा लोटाभर. गहू लावला की बाकीचं गाव थांबतं, हे कळल्यावर प्रत्येकीनं घरातले असतील नसतील ते मूठभर गहू आणून ज्वारीच्या डब्यापुढं ठेवले. वाटीभर गहू, मग त्याच नंबरावर त्याच बाईची ज्वारी, की पुन्हा दुसरीचे वाटीभर गहू. दर वेळी दगड साफ. लालसिंग घामानं निथळत होता आणि मीही, कारण मदत करायचं मी कबूल करून बसलो होतो. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाचं पीठ झालं नाही. ज्यांच्या घरात गव्हाचा दाणा नाही, ते शेतमजूर न दळलेली ज्वारी घेऊन परत गेले.

दिवेलागणीला शेजारची बेबीताई दारात येऊन उभी राहिली. मजुरीवरून आलेली, पायाला चिखल. मला म्हणाली, “देवमन, तुह्या पोयीपायी माही लेकरं उपाशी झोपतीन आज.” वच्छलानं आमच्यातलं पीठ तिला काढून दिलं.

मी नियम बरोबर सांगितला होता, लोकांनी त्याचं वाटोळं केलं. पण साहेब विचारतीलच, आता वाचणारा उपाशी मरतो त्याचं काय?

१९ जून, सोमवार

सुटलं! किती साधं होतं. कोण लिहिणारा, कोण वाचणारा, हे आधी पाहायचंच नाही. ज्यानं आधी हात वर केला तो आधी. लागून लागून सारखे आले तर त्यांना एकत्र सोडा, पण थांबलेल्याला ओलांडून कुणीही जायचं नाही. मग प्रत्येकाच्या पुढं मोजकेच असतात आणि ते कधी ना कधी सरतात. सिद्धता दीड पानात बसली. प्रकरणाला मथळा दिला, ‘थांबलेल्याचा हक्क’. साहेबांना तो भावनिक वाटेल, वाटू दे.

लालसिंगलाही सांगितलं. तो म्हणाला, हे तं आमी अगुदर करत होतो, मंग बायकाइनं काळ्या पोयीचा कल्ला केला मनून सोडलं. आता पुन्हा तसं करून पाहतो म्हणाला, दुर्गाबाईची काळ्या पोळीला तयारी असली तर.

प्रकरण रजिस्टर टपालानं रवाना केलं. येताना पुन्हा त्या पिशवीला पाय लागला. कणगीमागून काढून वच्छलानं ती पुन्हा दारात ठेवलीय. मी पुन्हा आत नेली. तिनं पाहिलं, मी पाहिलं. काय हट्टी पोरगी आहे.

२४ जून, शनिवार

तार आली! साहेबांना सिद्धता पटली. एकोणतीसला मोठ्या यंत्रावर वेळ मिळालाय, त्या दिवशी माझा नियम खरोखर चालवून पाहायचा. हा वेळ मिळायला लोक महिने महिने ताटकळतात. सत्तावीसला सकाळी फाट्यावरून एसटी धरली की अकोल्याहून पुढं रेल्वेनं वेळेवर पोचतो.

वच्छलाला सांगितलं. म्हटलं, चारच दिवसांचं काम आहे, मी आलो की तू मोकळी. ती म्हणाली, माही मुलाखत अठ्ठावीसले हाये. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दे, डी.एड. काही पळून जात नाही. तिनं एवढंच विचारलं, “अन् तुहं यंतर पयून जाते?” मी तिला समजावून सांगितलं की हा फक्त माझा प्रश्न नाही, यातून पुढं कितीतरी यंत्रं नीट चालतील, कुणी उपाशी राहणार नाही. तिनं पीठ मळायला घेतलं. पोळ्यांचं.

एवढं शिकवलेल्या बहिणीनं तोंड फुगवून बसावं, याचं वाईट वाटतं. घरातला एक पुढं गेला की बाकीच्यांना आपोआप वाट होते, हे हिला कधी कळणार?

२६ जून

सामान बांधलं. संगणकाच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा वह्यांच्या मध्ये नीट ठेवला. माय सारखं काहीतरी बोलत होती. तिचा शब्द तोंडातच घोटाळतो, मला लागत नाही. एरवी वच्छला सांगते माय काय म्हणते ते. आज तिनं सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, मायले इचार.

पिशवी कणगीमागंच आहे. म्हणजे तिनं समजून घेतलं म्हणायचं.

२७ जून

गेली.

उठलो तर चूल पेटलेली, मायची कूस बदललेली, कण्या झाकून ठेवलेल्या, आणि वच्छला नाही. कणगीमागं पाहिलं, पिशवी नाही. बेबीताईनं सांगितलं, पहिल्या गाडीनं गेली, अकोल्यात बेबीताईच्या नणंदेकडं मुक्काम करणार. माझी गाडी तिच्यानंतरची! मला ओलांडून गेली! मायला टाकून मी आता कुठं जाऊ? सामान बांधलेलं, तार खिशात, आणि मी खाटेपाशी तांब्या धरून बसलोय.

विचारलं नाही, सांगितलं नाही. याला काय न्याय म्हणायचा? मायसमोर जे तोंडाला येईल ते बोललो. मायनं डावा हात वर केला, गप्प बस म्हणून. मग एक एक शब्द जोडून बोलली. तीन वेळा बोलली तेव्हा मला लागलं. “म्या… सांगतलं… जाय मनून.”

आईनंसुद्धा!

२९ जून

आज यंत्रावर माझा वेळ होता. साहेबांना तार करायची म्हणजे रिसोडला जायला पाहिजे, आणि मायला सोडून मला चक्कीपर्यंतही जाता येत नाही. पाणी पाजलं तर ठसका लागतो, उशी किती उंच हवी ते मला ठाऊक नाही. कूस बदलताना पाठीला हात कुठं लावायचा तेही नाही. एप्रिलपासून मीच कूस बदलतोय असं मी लिहिलंय वर कुठंतरी. वच्छला आधी उशा लावून ठेवायची आणि मग मला हाक मारायची, हे आता कळतंय. सांगायला काय झालं होतं तिला?

पीठ संपलं. बेबीताई मजुरीवर जाताना आमचा ज्वारीचा डबा चक्कीवर ठेवून गेली आणि येताना पीठ घेऊन आली. म्हणाली, लालसिंगनं नंबर राखला होता, कोनाले सरकवू नाई देल्ला.  मी भाकर थापली. ती खाण्यासारखी नव्हती, तरी मायनं खाल्ली.

माय दिवसभर दाराकडं पाहते. मी विचारलं, काय पाहतेस? तिचं बोलणं आता थोडं लागायला लागलंय. म्हणाली, पिशवी कोनं सरकवे रोज? मी म्हटलं, मी. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. काय पाहिलं तिनं कोण जाणे. पिशवी पायात येत होती, एवढंच.

४ जुलै, मंगळवार

वच्छला आली. यादी लागेपर्यंत तिकडंच थांबली होती, तिची निवड झाली. वाड्यातल्या बायका जमल्या, जयभीम, हसणं, साखर वाटणं. मी कोपऱ्यात उभा. मला वाटलं होतं ती आली की चांगलं सुनावायचं, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. माणसं गेल्यावर सुरुवातही केली. म्हटलं, माझ्या यंत्राची वेळ गेली, माहीत आहे का तुला? महिने महिने थांबून मिळते ती!

ती चुलीपाशी बसून होती, वर न पाहता म्हणाली, “म्या दोन साल थांबली, भाऊ.”

मी म्हणालो, तो प्रश्न वेगळा. ती म्हणाली, हो, वेगया असंन.  मी घरातून उठून चक्कीच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिथं दुर्गाबाईचा गहू दळणं चालू होतं आणि त्याच्यामागं ज्वारीचे डबे थांबले होते. एक बाई कुरकुरत होती. लालसिंग तिला म्हणाला, तिनं अगुदर ठेवला ना डबा, मंग? मी फार वेळ तिथं बसलो नाही.

९ जुलै, रविवार

साहेबांचं पत्र. वेळ चुकवल्याबद्दल अर्धं पान रागावलेत. मग लिहितात, नियम उत्तम आहे, पण कागदावर. पुन्हा वेळ केव्हा मागू ते कळवा.

केव्हा? वच्छला पुढच्या आठवड्यात वसतिगृहात जाणार. दिवाळीच्या सुट्टीत येईल. मजुरीचा हंगाम सरल्यावर बेबीताई आमच्याकडं राहायला यायला तयार आहे, तोवर मायजवळ दुसरं कोण? चारच महिने तू थांब, मी आधी जाऊन येतो, असं एक वाक्य मी सकाळी मनातल्या मनात तयार केलं होतं. वच्छला तेव्हा मायच्या पाठीला तेल लावत होती. माझी चाहूल लागताच ती थांबली आणि दाराकडं पाहिलं. तिथं तिची पिशवी होती, आता ट्रंकेसकट. ते वाक्य माझ्यानं बोलवेना. इतका राग आला मला, आणि कुणाचा ते कळेना. ते तिसरं प्रकरण माझंच, ती दीड पानांची सिद्धता माझीच, तो मथळाही मीच दिलेला.

साहेबांना लिहिलं, दिवाळीनंतरची वेळ मागा. कारण लिहिलं नाही.

मग कार्डांचा गठ्ठा घातलेली माझी पिशवी आणून दाराशी ठेवली. मायनं खाटेवरून विचारलं, हे कायची? आता तिचा शब्द मला एकदाच ऐकून लागतो. म्हटलं, नंबराची.

जागा कमी होती, माझी पिशवी वच्छलाच्या ट्रंकेच्या पुढं आली होती. वच्छला उठली, तिनं ती मागं सरकवली आणि आपल्या पिशवीला लागून नीट उभी करून ठेवली. मी ती तिथंच राहू दिली.